ओरॅकलच्या क्वेऱ्या पोस्टग्रेसवर: एरर एकही नाही, पण हिशोबपट्टीचे आकडे जुळत नाहीत

कळमना_काटा

नमस्कार मंडळी. कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी असलेलं एक जुनं सॉफ्टवेअर ओरॅकल ११जी या डेटाबेसवरून पोस्टग्रेस १६ वर न्यायचं काम सुरू आहे. आवक, काटापट्टी, लिलाव, शेतकऱ्याची हिशोबपट्टी, व्यापाऱ्याची उधारी, असा सगळा पसारा. टेबलं आणि डेटा ओरा२पीजी या स्थलांतराच्या टूलने नेला, क्वेऱ्या (डेटाबेसकडे माहिती मागणारी वाक्यं) काही त्याच टूलने बदलल्या, काही हाताने. जिथे एरर आल्या तिथे दुरुस्त्या केल्या, आता सगळं चालून राहिलंय. पण जुन्या आणि नव्याचे रिपोर्ट शेजारी ठेवले की असे फरक दिसतात:

१. काही हिशोबपट्ट्यांत क्विंटल कमी येतात, फरक नेहमी एका क्विंटलच्या आतला. काही पट्ट्या मात्र रुपयापर्यंत बरोबर.
२. काही शेतकऱ्यांचं नावच कोरं छापलं जातं.
३. "आजचे सर्वाधिक भावाचे दहा लॉट" या रिपोर्टमध्ये वेगळेच लॉट येतात.
४. उधारीच्या देय तारखा काही ठिकाणी दोन-तीन दिवस आधीच्या येतात.

आंबिया बहाराची संत्री यायच्या आत नवी सिस्टीम लावायची आहे. एरर येत नसेल तर चूक शोधायची कुठे? आणि सगळ्या क्वेऱ्या नीट बदलून देणारं भरवशाचं टूल आहे का?

फुटाळा_काठ

एरर देणारी क्वेरी ही सोपी क्वेरी. खरी मेहनत तुम्ही दाखवलेल्या चार फरकांसारख्या जागी असते, कारण दोन्ही डेटाबेस तेच वाक्य मान्य करतात आणि अर्थ वेगळा लावतात. पहिल्या दोन मुद्द्यांबद्दल लिहितो.

क्विंटलचा फरक हा भागाकाराचा आहे. ओरॅकलमध्ये पूर्णांक आणि दशांश दोन्हींना नंबर हाच प्रकार, त्यात ५ भागिले २ म्हणजे २.५. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही बाजू पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांक, म्हणजे २. तुमचा निव्वळ वजनाचा कॉलम ओरॅकलमध्ये दशांशाशिवायचा, नंबर(८) सारखा असणार. ओरा२पीजीने तो इंटिजर (पूर्णांक) केला. आता १२५० किलो भागिले १०० केलं की १२.५ ऐवजी १२ येतात. भाव क्विंटलला ४,००० रुपये धरला तर शेतकऱ्याच्या पट्टीत ५०,००० ऐवजी ४८,००० पडतील. बाहेरून राउंड लावून दोन दशांश मागितले असतील तर १२.०० छापलं जातं आणि आकडा अगदी खरा वाटतो. अपूर्णांक राउंडच्या आधीच गेलेला असतो.

काही पट्ट्या बरोबर का, तेही यातूनच कळतं. जिथे आधी वजन गुणिले भाव आणि मग भागिले १०० असं लिहिलंय, तिथे गेलेच तर पैसे जातात. जिथे आधी भागाकार, तिथे क्विंटलचा तुकडा जातो. उपाय म्हणजे १०० च्या जागी १००.० लिहा, किंवा एका बाजूला न्यूमेरिकचा (अचूक दशांशाचा प्रकार) कास्ट लावा, म्हणजे प्रकार बदलून घ्या. सम भागिले काउंट अशी सरासरी कुठे काढली आहे तेही शोधा. पूर्णांक कॉलमचा सम बिगइंट (मोठा पूर्णांक) येतो, काउंटही बिगइंट, म्हणजे तिथेही तोच कापलेला आकडा. एव्हीजी फंक्शन मात्र पूर्णांकावरही दशांशात उत्तर देतं.

त्याच वेळी ओरा२पीजीच्या कॉन्फिगमधली दोन वाक्यं तपासा. पीजी_इंटिजर_टाइप चालू असेल तर अचूकता न दिलेला नुसता नंबर कॉलम बिगइंट होतो. कुणी भाव किंवा दर असा नुसत्या नंबरमध्ये ठेवला असेल तर पैसे डेटा लोड करतानाच गेलेले असू शकतात, मग क्वेरी कितीही सुधारा. पीजी_न्यूमेरिक_टाइप चालू असेल तर दशांशाचे कॉलम रिअल किंवा डबल प्रिसिजन होतात, म्हणजे आकडा अंदाजे साठवणारे फ्लोट प्रकार. पैशाच्या कॉलमला हे चालणारच नाही, तिथे न्यूमेरिक(१२,२) सारखाच प्रकार हवा. याची खूण अशी: "राउंड(डबल प्रिसिजन, इंटिजर) असं फंक्शन अस्तित्वात नाही" अशा अर्थाची एरर कधी आली होती का? आली असेल तर घाईत क्वेरीत कास्ट लावून ती गप्प केली गेली असणार. तिथे कॉलमचाच प्रकार बदलायला हवा.

आता कोरी नावं. नाव || ' ' || वडिलांचं नाव || ' ' || आडनाव अशी जोडणी असेल. ओरॅकल नलला (किंमतच न भरलेली जागा) रिकामी अक्षरमाळ (स्ट्रिंग) समजून पुढे जातो. पोस्टग्रेसमध्ये एक भाग नल असला की पूर्ण नाव नल. इथे कॉन्कॅट_डब्ल्यूएस वापरा, ते नल भाग वगळतं आणि दुहेरी जागाही सोडत नाही.

पण मूळ दुखणं याहून खोल आहे. ओरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाळ आणि नल एकच, पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी. जुना डेटा नल म्हणून आला, उद्यापासून स्क्रीनवरून रिकामी ठेवलेली चौकट रिकामी अक्षरमाळ म्हणून साठेल. मग "मोबाइल इज नल" ही अट जुने शेतकरी शोधेल आणि नवे सोडेल. लोड केलेल्या डेटावर कितीही चाचण्या घ्या, हे दिसत नाही, कारण चूक सिस्टीम सुरू झाल्यानंतर साठत जाते. अशा कॉलमांना "रिकामी अक्षरमाळ नसावी" असा चेक लावा. नल त्यातून सुटतो, रिकामी अक्षरमाळ अडते. आणि लिहिताना नलइफ(ट्रिम(...), '') मधून न्या.

एक जोड: अनेक कॉलमांचा युनिक (पुनरावृत्ती अडवणारा नियम) असेल आणि त्यातला एखादा नल राहू शकत असेल, उदाहरणार्थ पावती क्रमांक आणि उपक्रमांक, तर ओरॅकल "५०१, नल" ही जोडी दुसऱ्यांदा घेत नाही. पोस्टग्रेस घेतो. आवृत्ती १५ पासून "नल्स नॉट डिस्टिंक्ट" लिहिता येतं, तुमच्या १६ मध्ये ते आहे. फरक एवढाच की सगळेच कॉलम नल असलेल्या अनेक ओळी ओरॅकल चालवून घेतो, या पर्यायात त्याही अडतात.

धरमपेठ_ताई

देय तारखेचं कारण बहुतेक ॲड_मंथ्स. ओरॅकलचा नियम असा की दिलेली तारीख महिन्याची शेवटची असेल तर उत्तरही त्या महिन्याची शेवटचीच तारीख. २८ फेब्रुवारी अधिक एक महिना म्हणजे ३१ मार्च. पोस्टग्रेसमध्ये इंटरव्हल '१ मंथ' मिळवला की २८ मार्च. ३० एप्रिलचंही तेच, तिथे ३१ मे आणि इथे ३० मे. महिन्याच्या मधल्या तारखांना काहीच फरक पडत नाही, म्हणून साध्या चाचणीत हे सुटतं. ओरॅकलची फंक्शनं पोस्टग्रेसमध्ये देणाऱ्या ओराफसी एक्स्टेंशनमधलं ॲड_मंथ्स ओरॅकलचा नियम पाळतं. फक्त व्यापाऱ्यांशी ठरलेली मुदत खरोखर "महिनाअखेर ते महिनाअखेर" अशीच आहे का, हे एकदा बाजारात विचारून घ्या. ओरॅकल तसं करत होता एवढ्यावरून तोच करार होता असं ठरत नाही.

तारखांत आणखी बरंच आहे. ओरॅकलच्या डेटमध्ये सेकंदापर्यंतची वेळ असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. म्हणून कॉलम टाइमस्टॅम्प(०) करतात. पण हा प्रकार सेकंदाचा अपूर्णांक कापत नाही, पूर्णांकात बसवतो. रात्री ११:५९:५९.७ ची नोंद दुसऱ्या दिवशीच्या ००:००:०० ला जाते आणि रोजच्या बेरजेतून निसटते. वेळ लिहिताना डेट_ट्रंक('सेकंड', ...) लावा.

दोन ओरॅकल तारखांची वजाबाकी म्हणजे दिवसांची संख्या, अपूर्णांकासह. पोस्टग्रेसमध्ये दोन टाइमस्टॅम्पची वजाबाकी इंटरव्हल देते. थकलेले दिवस पूर्ण हवे असतील तर दोन्हींना डेटचा कास्ट लावून वजा करा, सरळ पूर्णांक येतो. त्यासाठी एज फंक्शन वापरू नका. ते वर्ष-महिने-दिवस असं तोडतं, त्यातून दिवस काढले तर ४५ दिवसांच्या थकबाकीला महिन्यानुसार १४ ते १७ दिवस दिसतात.

सिसडेट (चालू वेळ) अधिक १/२४ म्हणजे एक तास पुढे, ही ओरॅकलची जुनी सवय. पोस्टग्रेसमध्ये १/२४ हा पूर्णांक भागाकार, उत्तर शून्य. करंट_डेट अधिक १/२४ कसलीही एरर न देता आजचीच तारीख देतं. अशा सगळ्या जागी इंटरव्हल लिहा.

सिसडेटच्या जागी सर्रास नाऊ घालतात. नाऊ डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू झाल्याची वेळ देतो आणि व्यवहार संपेपर्यंत बदलत नाही. रात्रीचं बिलिंग एकाच व्यवहारात तासभर चालत असेल तर प्रत्येक नोंदीवर एकच वेळ पडेल. चालू क्षण हवा तिथे क्लॉक_टाइमस्टॅम्प. शिवाय नवा सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याचा टाइमझोन बहुधा यूटीसी असतो, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. कळमन्यात गाड्या पहाटेच लागतात, आणि पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक काटापट्टी मग आदल्या दिवसात जाईल. डेटाबेसलाच टाइमझोन 'एशिया/कोलकाता' ठरवून द्या, ॲप्लिकेशनवर सोडू नका.

सोनेगाव_लूप

तिसऱ्या मुद्द्यात तुमची नवी क्वेरी बरोबर असण्याची शक्यता जास्त. ओरॅकलमध्ये रोनम (ओळीचा क्रमांक) हा ऑर्डर बायच्या (क्रमवारीच्या) आधी मिळतो. "रोनम <= १० ऑर्डर बाय भाव" असं एकाच पातळीवर लिहिलं असेल तर ओरॅकल आधी कुठलेही दहा लॉट उचलायचा आणि त्यांची क्रमवारी लावायचा. पोस्टग्रेसचा लिमिट क्रमवारीनंतर लागतो, म्हणून आता खरे वरचे दहा येताहेत. जुन्याशी जुळत नाही म्हणजे नवं चूक, असं धरून चालू नका. अशा फरकांची वेगळी यादी ठेवा आणि रिपोर्ट वापरणाऱ्यांना आधीच दाखवा, नाहीतर बरोबर आकड्यावरच तक्रार येईल.

त्यातही दोन गोष्टी घाला. सारख्या भावाचे लॉट असतील तर दुसरी किल्ली म्हणून लॉट क्रमांक, नाहीतर दर वेळी वेगळा दहावा लॉट. आणि उतरत्या क्रमात नल दोन्ही डेटाबेसमध्ये सर्वात वर येतो, तेव्हा लिलाव न झालेले लॉट खाली ढकलायला "नल्स लास्ट" लिहा.

एरर न देता अर्थ बदलणारी आणखी काही ठिकाणं. सबस्टरमध्ये (अक्षरमाळेचा तुकडा काढणारं फंक्शन) सुरुवात ० दिली तर ओरॅकल ती १ समजतो. पोस्टग्रेस शून्यापासूनच मोजतो, म्हणून (०, ३) मागितलं की तिथे तीन अक्षरं, इथे दोन. उणे सुरुवात ओरॅकलमध्ये शेवटून मोजतात. पोस्टग्रेसमध्ये -२ पासून मागितलं तर अख्खी अक्षरमाळ परत येते, तिथे राइट वापरा. ग्रेटेस्ट आणि लीस्ट: एक किंमत नल असली तर ओरॅकल नल देतो, पोस्टग्रेस नल सोडून बाकीच्यांतून निवडतो. हमालीला "मोजलेली किंवा किमान, जी जास्त ती" असं सूत्र असेल तर जिथे मोजणीच झाली नाही तिथे आता गुपचूप किमान हमाली लागेल. डिकोडमध्ये नल नलशी जुळतो, केस ... व्हेन नल कधीच जुळत नाही.

ओरॅकलचा (+) चा बाह्य जोड (जुळणारी ओळ नसली तरी मूळ ओळ ठेवणारा) लेफ्ट जॉइनमध्ये नेताना (+) असलेली प्रत्येक अट ऑनमध्ये गेली पाहिजे, "वर्ष (+) = २०२४" सारखी स्थिर किंमतीची सुद्धा. ती व्हेअरमध्ये राहिली तर जोड आतला होतो आणि ज्यांची यंदा आवकच नाही ते शेतकरी यादीतून जातात. याच्या उलट, मूळ क्वेरीत एखाद्या अटीवरचा (+) सुटला असेल तर ओरॅकलमध्येही तो जोड आतलाच चालत होता. तो "सुधारू" नका, आधी विचारा.

गावाचा कोड अक्षरांत साठवून आकड्याशी तुलना केली असेल तर पोस्टग्रेस एरर देतो, ते बरं. पण दुरुस्ती करताना ७ ला अवतरण लावून '७' केलंत तर '००७' सुटतो. ओरॅकल कॉलमलाच आकडा करून बघत होता, म्हणून त्याला दोन्ही सापडायचे.

कळमना_काटा

खूप आभार. वजनाचा कॉलम इंटिजर झालाच होता, आणि पैशाचे तीन कॉलम डबल प्रिसिजन सापडले. अजून दोन प्रश्न. खात्यांच्या शीर्षांची उतरंड ओरॅकलच्या कनेक्ट बायने काढली आहे, ती कशी न्यायची? आणि सगळं ओराफसीवर सोडून क्वेऱ्या तशाच ठेवल्या तर काय बिघडतं?

फुटाळा_काठ

ओराफसी मला संक्रमणापुरतं मान्य आहे, कायमचं नाही. एनव्हीएल, डिकोड, ड्युअल मिळतात, काम लवकर उभं राहतं. पण भागाकार, || मधला नल, रिकामी अक्षरमाळ यांतलं काहीच त्याने आपोआप बदलत नाही, आणि नेमकं पैसे तिथेच जातात. उलट क्वेरी ओरॅकलसारखी दिसते म्हणून वाचणारा ओरॅकलचाच अर्थ धरतो.

धरमपेठ_ताई

माझं मत थोडं वेगळं. ॲड_मंथ्स, लास्ट_डे, नेक्स्ट_डे यांसारखी, जिथे नियमच ओरॅकलचा हवा आहे, ती ओराफसीचीच राहू द्या. स्वतः पुन्हा लिहायला गेलात तर लीप वर्षात फसाल. नलच्या जागी दुसरी किंमत देणारं एनव्हीएल मात्र कोअलेस करून टाका. कोअलेसला दोन्ही बाजूंचे प्रकार जुळावे लागतात, त्यामुळे आकड्याच्या जागी अक्षरं भरलेली ठिकाणं आपोआप उघडी पडतात.

कनेक्ट बायसाठी विथ रिकर्सिव्ह (स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा चालणारी क्वेरी). स्टार्ट विथची अट पहिल्या भागात, प्रायरची जोडणी दुसऱ्या भागात, लेव्हलसाठी १ पासून सुरू होणारा स्वतःचा मोजणी कॉलम. नेहमीची चूक व्हेअरची. ओरॅकलमध्ये ती अट पूर्ण उतरंड तयार झाल्यावर लागते. तुम्ही ती रिकर्शनच्या आत घातली तर बंद केलेल्या शीर्षाबरोबर त्याखालची चालू खातीही कापली जातात. ती बाहेरच्या सिलेक्टमध्ये ठेवा. मार्ग जोडणारा कॉलम सुरुवातीलाच टेक्स्टमध्ये कास्ट करा, नाहीतर दोन भागांचे प्रकार जुळत नाहीत अशी एरर येते. ऑर्डर सिब्लिंग्ज बायच्या जागी आवृत्ती १४ पासून "सर्च डेप्थ फर्स्ट बाय" आहे, आणि नोसायकलच्या जागी "सायकल".

वर्धा_रोड

तपासायची पद्धत कुणी लिहिली नाही, म्हणून सविस्तर.

आधी कुठल्या क्वेऱ्या खरोखर चालतात ते ओरॅकलच्या व्ही$एसक्यूएल मधून काढा. त्यातल्या नोंदी जागा भरली की गळतात, म्हणून रोज एका टेबलात उतरवून ठेवा, आणि महिनाअखेर व मार्चअखेर त्यात यायलाच हवी. वर्षातून एकदा चालणारी क्वेरी हमखास राहते.

मग ओरॅकलची एक गोठवलेली प्रत घ्या आणि त्याच प्रतीतून पोस्टग्रेस भरा. चालू डेटावर तुलना केली तर फरक क्वेरीचा की नव्या नोंदीचा, हे कळणार नाही. ओरॅकल_एफडीडब्ल्यू एक्स्टेंशनने ओरॅकलची टेबलं पोस्टग्रेसमधूनच दिसतात. टेबल-टेबल तुलना त्यावर करा, दोन्ही दिशांनी, आणि एक्सेप्ट ऑलने (एकीकडे आहेत पण दुसरीकडे नाहीत अशा ओळी). नुसता एक्सेप्ट दुहेरी ओळी एक करतो, मग एकच पावती दोनदा आल्याचं लपतं.

क्वेऱ्यांची तुलना मात्र फाइलवर. जुनी क्वेरी ओरॅकलमध्येच चालवायची, नवी पोस्टग्रेसमध्ये, दोन्ही सीएसव्ही फाइल काढून डिफ (फरक दाखवणारं टूल). ओरॅकल अर्ध्याला .५ लिहितो, पोस्टग्रेस ०.५, म्हणून दोन्हीकडे टू_चारला एकच साचा द्या, तारखांनाही. क्रमासाठी ओळखीच्या आकडी किल्लीवर ऑर्डर बाय. नावावर क्रम लावलात तर कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) वेगळं असल्याने देवनागरी नावं पुढेमागे होतात आणि डिफ भरून येतो. देवनागरीचंच आणखी एक: यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. "नागपूर" यात मात्रांसह ६ चिन्हं, १८ बाइट. ओरॅकलची व्हार्चार२ ची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, पोस्टग्रेसची अक्षरांत. त्यामुळे डेटा सहज बसतो, पण छापील पावतीची रुंदी त्या जुन्या मर्यादेवर बेतली असेल तर आता लांब नावं चौकटीबाहेर जातील.

डेटा गोठवताना त्यात मुद्दाम कठीण ओळी घाला: १०० ने भाग न जाणारं वजन, वडिलांचं नाव नसलेला शेतकरी, २८ फेब्रुवारी आणि ३० एप्रिलची उधारी, पहाटे चारची काटापट्टी, लिलाव न झालेला लॉट, आवक नसलेला शेतकरी. या ओळी नसतील तर सगळं हिरवं दिसूनही काहीच सिद्ध होत नाही.

टूलबद्दल: ओरा२पीजीचा शो_रिपोर्ट खर्चाच्या अंदाजासह चालवा, कामाचा आवाका कळतो. एसक्यूएलग्लॉट हे दुसरं टूल वाक्यरचना छान बदलतं. पण त्याला टेबलातले प्रकार ठाऊक नसतात, म्हणून भागाकार दिसला की डबल प्रिसिजनचा कास्ट लावतं. क्विंटल वाचतात, पण पैसे फ्लोटमध्ये जातात. तो कास्ट शोधून न्यूमेरिक करा.

सोनेगाव_लूप

प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) असतील तर दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिलेक्ट इंटूला ओळ सापडली नाही की ओरॅकल नो_डेटा_फाउंड उठवतो. पोस्टग्रेसची प्रोसीजरची भाषा पीएलपीजीएसक्यूएल हे व्हेरिएबल नल करून शांतपणे पुढे जातं. त्या दिवसाचा सेसचा दर सापडला नाही तर नल दराने पट्टी बनेल. प्रत्येक ठिकाणी स्ट्रिक्ट हवं.

दुसरं, ओरॅकलमध्ये एक वाक्य फसलं तर तेवढंच मागे फिरतं, बाकी व्यवहार चालू राहतो. पोस्टग्रेसमध्ये एक एरर आली की रोलबॅक होईपर्यंत पुढचं प्रत्येक वाक्य नाकारलं जातं. "टाकून बघ, डुप्लिकेट असेल तर अपडेट कर" अशी रचना त्यामुळे मोडते. तिला इन्सर्ट ... ऑन कॉन्फ्लिक्टमध्ये बदला. प्रत्येक ओळीला एक्सेप्शन ब्लॉक लावूनही भागतं, पण दर ब्लॉकमागे उपव्यवहार तयार होतो आणि हजारो ओळींच्या लूपमध्ये ते जड जातं.

कळमना_काटा

कठीण ओळींची यादी आजच गोठवलेल्या प्रतीत घालतो. सेसचा दर सिलेक्ट इंटूनेच येतो, स्ट्रिक्ट नव्हतं. सिक्वेन्सचं (आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय) काही वेगळं करावं लागतं का?

वर्धा_रोड

हो, शेवटच्या लोडनंतर. डेटा किल्लीसकट (ओळखक्रमांकासकट) आल्यामुळे सिक्वेन्स आपोआप पुढे सरकत नाही. प्रत्येक टेबलाची कमाल किल्ली काढून सेटव्हॅल करा, नाहीतर पहिलीच पावती डुप्लिकेट किल्लीवर अडेल. टेबल रिकामं असेल तर कमाल नल येते आणि सेटव्हॅल काहीच करत नाही, तिथे १ द्या आणि तिसरा पॅरामीटर फॉल्स ठेवा. लगेच त्याच स्क्रिप्टमध्ये ॲनालाइझ चालवा. आकडेवारी नसताना पहिल्या सकाळी प्लॅन चुकीचे निवडले जातात आणि काट्यासमोर गाड्यांची रांग लागते.